आडनाव घरी ठेवून निघताना : पहिल्यांदा परदेशात बॅकपॅकिंगला जाणाऱ्यांसाठी

परभणीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोलीस भरती आणि अलीकडं पासपोर्ट. दिवसभर समोरच्या खुर्चीवर माणूस बदलत राहतो, माझा पहिला प्रश्न मात्र बदलत नाही : "आडनाव सांगा." इकडं हा प्रश्न फॉर्मपुरता नसतोच. एसटीत शेजारी बसलेला माणूस खिडकी उघडायच्या आधी विचारतो, "कोणाचं लेकरू तू? गाव कोणतं?" दोन उत्तरांत त्याला तुमची जात, पाव्हणे-रावळे आणि तुमच्या घरचं मत कुणाला जातं हे सगळं कळलेलं असतं.

मी तीन वेळा बॅकपॅकिंगला, म्हणजे पाठीवर एकच बॅग टाकून स्वस्तात फिरायला, बाहेर जाऊन आलो. २०१९ ला नेपाळ, २०२४ च्या जानेवारीत व्हिएतनाम आणि पुढच्या वर्षी थायलंड-मलेशिया. तेव्हापासून दुकानात येणारी पोरं विचारतात, "दादा, खर्च किती आला?" चहा झाल्यावर एखादा हळूच पुढचं विचारतो, "पण जाऊन माणसात फरक काय पडतो?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी तयारी लागते, आणि ती तिकिटाच्या आधी सुरू करावी लागते. म्हणून इथं दोन्ही एकत्र सांगतो.

पासपोर्ट : नावापासून सुरुवात

साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत निघतो, तत्काळला २,००० जास्त. मोठ्या माणसाला तो दहा वर्षं चालतो. आता पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्रं झाली आहेत, त्यामुळे आपल्या भागातून त्यासाठी लांबच्या शहराला खेटे घालायचे दिवस गेले. अडचण येते ती नावात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. एकीकडं डबल ओ, दुसरीकडं यू. हे सगळं आधी एकसारखं करून घ्या, मग अर्ज करा. दहावी पास असाल तर सर्टिफिकेट जोडा, म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा (काही देशांत कामाला जाताना सरकारी परवानगी लागते त्याचा) शिक्का पडत नाही.

पासपोर्टच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना वेगळा असतो, आणि स्वतःचं नाव व वडिलांचं नाव मिळून दुसरा. तिकीट आणि ई-व्हिसा काढताना अगदी याच क्रमानं लिहा. व्हिएतनामच्या ई-व्हिसात एक अक्षर चुकलं तरी तो नवीन काढावा लागतो आणि भरलेले २५ डॉलर परत येत नाहीत. हे मी स्वतःचेच घालवून शिकलोय. फॉर्म भरायचं दुकान असून.

देश कोणता, कधी

पहिल्यांदा नेपाळला जा. व्हिसा लागत नाही, हिंदी चालते, डाळ-भात मिळतो आणि चुकलात तर परत यायला सोपं. त्यानंतर व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली. पण दोन्हीकडं जायच्या आधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं (थायलंडचं मे २०२५ पासून), आणि हे नियम बदलत राहतात. तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर जाऊ नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी.

शेतीवर घर चालत असेल तर सोयाबीन काढून, दिवाळी आटोपून निघा. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा थायलंडचा कोरडा हंगाम. व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, ह्युए-होई आनकडं, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर येतात, तेवढं टाळा. विमान मुंबईहूनच धरायचं असं काही नाही. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. आमच्या परभणीवरून एकच देवगिरी एक्सप्रेस एका बाजूला मुंबईला नेते आणि दुसऱ्या बाजूला सिकंदराबादला.

घरच्यांना निघायच्या आदल्या रात्री सांगू नका. महिनाभर आधी सांगा. आमच्या घरी "किडनी काढून घेतात" इथून सुरुवात झाली आणि "सोबत कोणी नाही का?" इथं गाडी अडकली. हॉस्टेलचं (एका खोलीत अनेक पलंग असलेल्या स्वस्त मुक्कामाचं) बुकिंग, विम्याचा कागद, रोज रात्री नऊचा फोन, एवढं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं तेव्हा आई गप्प झाली. भीती पूर्ण खोटीही नाही. थायलंडला डेटा एन्ट्रीची भारी नोकरी देतो असं सांगून आपल्या देशातली पोरं म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याचे प्रकार खरोखर घडले आहेत. फिरायला चाललात तर फिराच. नोकरीचं आमिष दाखवून कोणी तिकीट काढून देत असेल तर हात जोडा.

सराव : वेरूळला पाव्हणे होऊन जा

हा टप्पा कोणी सांगत नाही, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. भरलेली बॅग पाठीवर घेऊन तीन दिवस छत्रपती संभाजीनगरला जा. मामाच्या घरी उतरायचं नाही. डॉर्मिटरीत झोपायचं, एसटीनं वेरूळला जायचं, दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला. मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा. दोन्ही १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यामुळं मोठ्या बॅगा पाठीवर टाकलेले परदेशी पोरं-पोरी तिथं हमखास भेटतात. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही त्यांच्याभोवती गोळा होऊन "हॅलो, हॅलो" करायचो. आता त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, बॅगेत काय काय आहे. इंग्रजी मोडकं चालेल. जर्मनीच्या, कोरियाच्या पोरांचंही फार पुढचं नसतं. मी मराठी माध्यमाचा. माझी इंग्रजीची लाज निम्मी कैलास लेण्याच्या पायरीवरच गेली.

बॅग : आजीची पिशवी बघा

माझी आजी दरवर्षी पायी पंढरपूरला जायची. तिच्या पिशवीत एक लुगडं, म्हणजे एक अंगावर आणि एक वाळत घालायला, एक पांघरूण, तांब्या, टाळ, कुंकवाची डबी, आणि पदराच्या गाठीला पैसे. वीसेक दिवस तेवढ्यावर निघायचे. मी पहिल्यांदा नेपाळला तेरा किलो घेऊन गेलो आणि पोखऱ्यात दोन जीन्स हॉस्टेलच्या पोराला देऊन टाकल्या.

स्वस्त विमानांत केबिनला सहसा सात किलोच चालतात, तेवढ्यातच बसवा. तीन टी-शर्ट, दोन पँट, एक पातळ जाकीट, पंचा (टॉवेल नको, वाळत नाही), चप्पल, लॉकरसाठी छोटं कुलूप, कानात घालायचे बोळे. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, ती खाली सामानात देता येत नाही. पासपोर्टच्या झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा, शिवाय एक फोटो मेलवर.

खायचं

धपाटे तीन दिवस टिकतात, पुढं बुरशी येते. शेंगदाण्याची चटणी महिनाभर चालते. लोणचं, तूप केबिनमधून नेऊ देत नाहीत. आणि २०२२ पासून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन सामानातही चालत नाहीत. खोबऱ्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून. आईनं प्रेमानं भरलेल्या वाट्या विमानतळावर काढून ठेवाव्या लागतात.

नेण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे येसर. भाजून दळलेलं कोरडं पीठ, वजनाला हलकं, पाण्यात कालवून उकळलं की लग्नाच्या पंगतीतली आमटी. फक्त फोडणी सांभाळून. क्वालालंपूरच्या हॉस्टेलात मी तेल कडकडीत तापवून मोहरी टाकली आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागला. बारा-तेरा माणसं रात्रीच्या कपड्यांत जिना उतरून खाली आली, मी चमचा हातात धरून उभा. आमटी दोघांनी मागून खाल्ली. त्यातल्या एकानं उरलेली हळूच सिंकमध्ये ओतली, मी बघत नाही असं समजून. त्या रात्री फार लागलं. आपल्याकडं पाव्हण्यानं दिलेले बेचव पोहे-बिहे मीही कुत्र्याला घातलेत, हे आठवायला दोन दिवस गेले.

शाकाहारी असाल तर व्हिएतनाममध्ये एक शब्द पाठ करा : चाय. तिथं चाय म्हणजे शाकाहारी. पाटीवर 'चाय' दिसली म्हणून आपला माणूस चहाला आत शिरतो आणि समोर टोफू येतो. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध लोक चाय जेवतात, त्या दिवशी गाड्यांवर सहज मिळतं. बाकी दिवशी पालेभाजीतही माशाचा सॉस असतो, ते विचारून घ्यायचं.

पैसा

विमान सोडून व्हिएतनामला मला दिवसाला साधारण २,००० रुपये लागले. डॉर्मचा पलंग पाचशे-सहाशे, बाकी खाणं आणि बस. फोरेक्स कार्ड (परदेशी चलन भरून घ्यायचं कार्ड) घ्या, दोनशे-तीनशे डॉलर रोख ठेवा. एटीएममधून थोडे थोडे काढू नका. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाटच्या आसपास कापतात, म्हणजे पाचशेहून जास्त रुपये.

व्हिएतनामची २०,००० डाँगची आणि ५,००,००० डाँगची, दोन्ही नोटा निळ्या, दोन्ही प्लास्टिकच्या. पहिलीची किंमत सत्तरेक रुपये, दुसरीची सोळा-सतराशे. हनोईत तिसऱ्या रात्री हिशेब जुळेना. पाकिटातली मोठी नोट गायब. दिवसभरात पाव, केळी, बस आणि पाणी एवढंच घेतलं होतं. मी पलंगावर बसून ठरवून टाकलं की केळीवालीनंच गंडवलं. का? तर ती हसली होती. नोट तिला दिली, बसवाल्याला दिली की पाववाल्याला, हे आजही माहीत नाही. दिली मीच, एवढं नक्की. दोन्ही नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

इमिग्रेशनच्या काउंटरवर

परतीचं तिकीट, पहिल्या दोन रात्रींचं बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा छापून हातात ठेवा. मोबाइल ऐन वेळी बंद पडतो. विचारलं तेवढंच सांगा. एका विमानतळावर माझ्या पुढची गोरी माणसं अर्ध्या मिनिटात पलीकडं गेली आणि मला बाजूला बसवलं. वीस मिनिटं. पैसे दाखव, तिकीट दाखव, एकटाच का आलास.

हा प्रसंग मुद्दाम सांगतोय. माझं आडनाव परभणीत दारं उघडणारं आहे. तहसीलमध्ये मला रांगेत उभं राहावं लागत नाही, आतून कोणीतरी "या साहेब" म्हणतं. मी याला माझा स्वभाव समजत होतो, लोकसंपर्क वगैरे. त्या बाकावर बसलो तेव्हा माझं आडनाव तिथल्या साहेबाला नुसती अक्षरांची ओळ होती, त्याला वाचता येत होता तो पासपोर्टचा रंग. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवरून कोणी आपल्याला जोखतं तेव्हा पोटात कसं होतं, ते चौतिसाव्या वर्षी कळलं. आपल्याच गावातल्या कितीतरी लोकांना ते शाळेच्या पहिल्या दिवशी कळलेलं असतं.

हॉस्टेल : इथं खरं शिकणं

डॉर्ममध्ये सहा-आठ पलंग, वर-खाली. वरचा मिळाला तर लुंगी नको. रात्री दिवा लावू नका, प्लास्टिकच्या पिशव्या पहाटे चुरचुरवू नका, फोन बाहेर जाऊन करा. बायकांसाठी वेगळ्या डॉर्म असतात. माझी मामेबहीण एकटी जाऊन आली, ती म्हणते पहिले चार दिवस तिथंच राहावं, मग माणसं ओळखून ठरवावं.

आता मुद्द्याचं. व्हिएतनाममध्ये दहातल्या तीन-चार माणसांचं आडनाव एकच, न्गुयेन. त्यावरून काही कळतच नाही, म्हणून हाक नावानं मारतात. ओळख झाली की तिथला पहिला प्रश्न असतो, वय किती? कारण मोठ्याला 'आन' म्हणजे दादा, मोठीला 'ची' म्हणजे ताई, धाकट्याला 'एम' म्हणायचं असतं. आपल्या "कोणाचा तू"च्या जागी तिथं "केवढा तू". मला हॉस्टेल झाडणारा पोरगा पहिल्या मिनिटापासून आन म्हणायला लागला. त्यानं माझं गाव विचारलं नाही, बाप काय करतो विचारलं नाही. सुरुवातीला मला ते उद्धटपणाचं वाटलं.

होई आनला एका संध्याकाळी गॅलरीतून आवाज आला, "जेवलीस का माय?" मी उडालोच. लातूरकडचा पोरगा, कंपनीची सुट्टी घेऊन आलेला. हात मिळवला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वा! गाव कोणतं? आडनाव काय?" त्यानं गाव सांगितलं, नाव सांगितलं आणि थांबला. मग हसून म्हणाला, "दादा, इतक्या लांब येऊन पण तेच का? नावावर भागवा की." त्याच्या हसण्यात राग नव्हता, पण सवय होती. हा प्रश्न कुठून येतो आणि कुठं जातो हे त्याला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून 'मी सोन' नावाच्या ठिकाणी गेलो. व्हिएतनामच्या जुन्या चाम राजांची विटांची शिवमंदिरं, चौथ्या ते तेराव्या शतकातली, १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत बरीच पडलेली. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथं डागडुजी केलीय, आणि २०२० मध्ये त्यांना खोदताना नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. औंढा, परळी, घृष्णेश्वर या तीन ज्योतिर्लिंगांच्या मुलखातला माणूस मी, भारावून बघत राहिलो. तो मात्र पाणी पिता पिता म्हणाला, "इथल्या देवळात मला कोणी अडवणार नाही, हे चांगलंय." एवढंच. पुढं आम्ही नूडल्सवर बोललो.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा राहायला जागा मिळेना आणि ती जाणीव परत आली. पुढं १९३४ ला वेरूळ बघायला जाताना ते सोबत्यांसह दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. हौदाच्या पाण्यानं हात-तोंड धुतलं म्हणून जमाव अंगावर आला. दौलताबाद माझ्या दुकानापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे. त्या किल्ल्यावर मी पाच-सहा वेळा गेलो असेन, फोटो काढले, उसाचा रस प्यालो. परदेशातून आल्यावर गेलो तेव्हा पहिल्यांदा पाण्याचा हौद शोधला.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझी सूचना अशी : हॉस्टेलात पहिले तीन दिवस कोणालाही आडनाव, जात, पगार विचारायचा नाही आणि स्वतःचाही सांगायचा नाही. आपल्या देशातला माणूस भेटला तर मुळीच नाही. मग बोलायला काय उरतं ते बघा. मला पहिल्या दिवशी काहीच उरलं नव्हतं. ज्याच्या जिवावर मी माणसं जोडायचो ते भांडवलच काढून घेतल्यासारखं झालं. ज्यांना ते ओझं वाटत आलंय, त्यांना उलटा अनुभव येईल, पाठ हलकी झाल्याचा. दोन्ही अनुभव परदेशात मिळतात, तिकिटाची किंमत सारखीच.

रोजची वही

मोबाइलवर लिहू नका, रीलमध्ये हरवतं. दहा रुपयांची वही घ्या. डाव्या पानावर हिशेब. उजव्या पानावर एकच ओळ : आज कशाची लाज वाटली. सुंदर सूर्यास्त वगैरे लिहायचं नाही, त्याचे फोटो असतात. माझ्या वहीतल्या दोन-तीन ओळी देतो. "हातानं जेवताना आजूबाजूला बघितलं." "केळीवालीला मनात चोर म्हणलो." "लातूरच्याला आडनाव विचारलं." पंधरा दिवसांनी उजवी पानं सलग वाचा. एकट्यानं.

परत आल्यावर

पहिले आठ दिवस गावभर "तिकडं किती स्वच्छ" सांगत फिरू नका, लोक वैतागतात. उरलेले डॉलर पुढच्या खेपेला ठेवा, डाँग तिथंच बदलून या, इकडं कोणी घेत नाही. आणि वहीतली एकच गोष्ट निवडून रोजच्या कामात बसवा. मोठी नको, टिकत नाही. मी दुकानात "आडनाव सांगा" बंद करून "मार्कशीटवर आहे तसं पूर्ण नाव सांगा" सुरू केलं. कामाच्या दृष्टीनंही तेच बरोबर आहे, चुका कमी होतात. गर्दी वाढली की जुना प्रश्न अजूनही तोंडातून निसटतो.

लातूरच्या त्या पोराचा नंबर मोबाइलमध्ये त्याच्या नावापुढं 'होई आन' लावून सेव्ह आहे. दिवाळीला त्याचा मेसेज येतो.

परवा एक पोरगी पासपोर्टसाठी आली, नर्सिंग झालेली. रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "दादा, हे आडनाव रिकामं ठेवलं तर चालतं का?" मी म्हणालो, "पासपोर्ट निघतो. पण २०२२ पासून दुबईकडं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसाला अडचण येते. तुला पुढंमागं तिकडं जायचं असेल तर अडू शकतं." ती बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसली. मागं पीकविम्याची रांग होती, तरी मी काही बोललो नाही. मग तिनं कीबोर्ड स्वतःकडं ओढला आणि आडनाव स्वतः टाइप केलं.